थांबले की विसरले

६ ऑक्टोबर, सोमवार

"बाई, तुमचा गाव कोनता?" आबाजींनी आज पुन्हा आईला विचारलं.

आई त्यांना वरणभात कालवून देत होती. "दरेकसा," ती म्हणाली.

"दूर हाय मंग."

"दूर हाय, मामाजी. घ्या, घास घ्या."

त्यानंतरही त्यांचं काहीतरी चाललं होतं. मी मात्र उठून आले, कारण एवढं विसरायच्या आत लिहायचं होतं. संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं तर मी ते सुधारून टाकीन. आबाजींच्या तोंडी एखादं चांगलं वाक्य घालीन, आईच्या डोळ्यांत पाणी आणीन. मला ही खोड आहे आणि हाती घेतलेल्या कामात ती चालणार नाही. म्हणून आजपासून ही दैनंदिनी. जे ऐकलं ते त्याच दिवशी, जसंच्या तसं.

आबाजी, म्हणजे माझे आजोबा शालीकराम, झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची गावजत्रा, सुरू झाली की गावोगावी नाटक असतं. आज या गावी, उद्या त्या गावी, तालमीला कुणाला वेळ नाही. म्हणून विंगेत बसून नटाला पुढचं वाक्य हळूच देणारा माणूस लागतो. जन्मभर आबाजींनी ते केलं. आता त्यांनाच शब्द सापडत नाहीत. गोंदियाच्या डॉक्टरांनी कागदावर डिमेन्शिया लिहिलं आणि तोंडाने म्हणाले, "भूलने की बीमारी है. दवा से रुकेगी नहीं, धीमी होगी."

मी आबाजींवर चित्रकथा काढते आहे. चौकटी, चौकटींत माणसं, माणसांच्या तोंडाशी बोलण्याचे फुगे. नागपूरच्या एका छोट्या प्रकाशनाच्या चेतना मॅडमना सुरुवातीची पानं आवडली. मंडईनंतर सगळं पुस्तक पाठवायचं ठरलं आहे. त्यांचं मागणं एकच आहे. "शेवटच्या पानावर आजोबांचं स्वतःचं एक वाक्य हवं, अंजू. पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या कानात त्यांचा आवाज राहिला पाहिजे."

ते वाक्य माझ्याकडे नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

वाक्याच्याही आधी एक प्रश्न आहे. ज्याच्यावर पुस्तक काढते आहे त्याला ते चालतं का? बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "आपलेच आजोबा आहेत, त्यात काय विचारायचं," आणि मोटारसायकल काढून तालुक्याला, गोरेगावच्या दुकानात निघून गेले. मला ते पटलं नाही. आपलेच आहेत म्हणूनच विचारायला हवं.

आबाजी अंगणात बाजेवर बसले होते. मी खाली बसले.

"आबाजी, मी तुमच्यावर पुस्तक काढून राहिली. काढू का?"

"काढू का," ते म्हणाले.

"म्हंजे तुमाले चालते का?"

"चालते का."

"हो म्हना, नाई तं नाई म्हना."

"हो म्हना, नाई तं नाई म्हना."

आई न्हाणीतून ओरडली, "कायले सतावून राहिली त्याईले? आंघोळीचं पानी थंडं होऊन राहिलं."

यात 'हो' आधी आलं म्हणून तो होकार धरावा, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. लाज वाटली. होकार त्यांच्या तोंडून आला, पण तिथे ठेवला मी. पूर्वी नट त्यांचं ऐकून बोलायचे, आता ते माझं ऐकून बोलतात.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज पानं दाखवली. बोलून होत नसेल तर बघून काही होईल, असं वाटलं.

आबाजींनी पहिलं पान बराच वेळ पाहिलं. "हा बुढा कोन?"

"तुमी."

"मी नाई. मी दिसत नसतो." हे अगदी सरळ म्हणाले, कुणी आपला धंदा सांगावा तसं. मग कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि मला विचारलं, "विंगेत कोन हाय?"

"कोनत्या विंगेत?"

चौकटीच्या बाहेर, कागदाच्या कोऱ्या कडेवर त्यांनी बोट ठेवलं. "इथं."

"तिथं कोनी नाई, आबाजी."

"कोनी असंन," ते म्हणाले.

किती विलक्षण! गावाचं, मुलाचं नाव गेलं, पण रंगमंचाला बाजू असते हे गेलं नाही. मी लगेच बसून पानाच्या दोन्ही कडांना पडद्याच्या चुण्या काढल्या. छान दिसतात. पुस्तकभर तसंच करावं असं वाटतं आहे. तेवढ्यात आईने येऊन त्यांच्या बोटाची शाई पदराने पुसली आणि त्यांना जेवायला नेलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आबाजी दाढी करू देत नव्हते. आईने मग साबणाचा फेस स्वतःच्याच गालांना लावला आणि त्यांच्यासमोर बसली. ते हसले, "आता बरी दिसते," म्हणाले आणि गाल पुढे केला. प्रसंग चांगला आहे, पण आईच्या तोंडाला फेस हे पुस्तकात बरं दिसणार नाही. वगळला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज आमच्या गावची मंडई. दुपारी दंडारीच्या नाचाच्या ढोलक्या वाजत असताना बकारामजी आले. आबाजींच्या कंपनीतले जुने नट. राजे त्यांनीच करायचे. केस अजून काळे करतात, आणि बाजेवरही सिंहासनावर बसल्यासारखे बसतात.

"काय रे शालीक, जिता हायस का?"

आबाजी हसले. "हाय."

"मले ओळखलं का?"

"ओळखलं."

"कोन मंग मी?"

आबाजी थांबले. मला ते सहन होईना. "बकारा..." मी सुरुवात केली, तर बकारामजींनी तळहात वर करून मला गप्प केलं.

"तू कायले बोलली?"

"ते विसरले होते."

"विसरला होता का थांबला होता?"

मी म्हटलं, त्यात काय फरक. बकारामजींनी कपाळाला हात लावला. "शालीक, आयक तुझी नातीन काय म्हनून राहिली. प्रॉम्प्टरच्या घरी असं बोलतेत." मग मला म्हणाले, "आयक पोरी. एका गावी तुह्या आबाजीले ताप होता, पडद्यामागंच पडून होता, म्हनून दुसराच बसला होता विंगेत. मी राजा. पोरगा लढाईत मेला अशी खबर येते, आन् मी थांबलो. काहीच बोललो नाई. सारा मंडप चूप. बाया पदर तोंडाले लावून बसल्या. आन् विंगेतल्या त्या गाढवाले वाटलं मी विसरलो. त्यानं तिकून जोरानं देल्लं, हाय रे दैवा! लोकं हासून हासून लोळले. म्हने, राजा मुका हाय आन् पडदा रडते."

आई सैपाकघरात हसली ते ऐकू आलं.

"मग आबाजींना कसं कळायचं?" मी विचारलं.

"सोपं हाय. विसरलेला नट विंगेकडं पायते. थांबलेला नट लोकाईकडं पायते. बस."

आणि मग, आम्ही दोघं त्यांना सोडून भलतीकडेच बोलत असताना, आबाजी म्हणाले, "बक्या. तुझी मिशी पडली होती."

बकारामजींचं सिंहासन गेलं. ते बाजेवर आडवे होऊन हसले, डोळे पुसले. "पडली होती रे. त्याच राती पडली होती. हे नोको सांगू तिले."

मी बोलले नसते तर 'बक्या' आधीच आलं असतं का? हे आता कधी कळणार नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आजपासून एकच बघायचं ठरवलं. बोलता बोलता आबाजींचं वाक्य तुटलं की ते कुठे बघतात?

सकाळी माझ्यासोबत चहा घेताना वाक्य तुटलं, माझ्याकडे पाहिलं. पुन्हा तुटलं, पुन्हा माझ्याकडे. आई त्यांच्या पायांना तेल लावत होती तेव्हा तुटलं, तर ते अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहिले. आई तेल लावत राहिली. मग वाक्य पुढे गेलं.

म्हणजे माझ्यासमोर ते विसरतात आणि आईसमोर थांबतात. असं कसं? कदाचित मी खिडकीच्या बाजूला बसते आणि माझ्या मागे उजेड असतो, म्हणून नजर तिकडे जात असेल. उद्या जागा बदलून बघेन.

२६ ऑक्टोबर, रविवार

जागा बदलली. फरक नाही. उजेडाचं कारण नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आज मी गप्प राहिले. हे लिहायला सोपं आहे. आबाजी म्हणाले, "आज धान..." आणि माझ्याकडे पाहिलं. 'कापलं' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. एरवी मी तो दिलाच असता, त्यांनी 'कापलं' म्हटलं असतं आणि मी लिहिलं असतं, आबाजींना कापणीची आठवण झाली. मी तोंडावर हात ठेवला. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. शेजारच्या टीव्हीवर हिंदी मालिका लागली होती. आबाजी माझ्याकडे बघत राहिले, आणि मला वाटलं ही क्रूरता आहे, मी एका म्हाताऱ्या माणसाला पाण्यात सोडून काठावर उभी आहे. मग त्यांनी माझा नाद सोडला. दाराकडे बघू लागले.

"आज धानाचा वास येऊन राहिला," ते म्हणाले. "बाई आली का?"

मला रडू आलं, चांगल्या अर्थाने. आजीला जाऊन वर्षं झाली आणि धानाच्या वासाबरोबर त्यांना तिची आठवण यावी! तेवढ्यात आई धानाच्या बांधीतून आली, विळा कुडाला अडकवला, डोक्याचं फडकं झटकलं आणि आबाजींना म्हणाली, "आली आली. चाय मांडतो." मी आत जाऊन लिहायला बसले.

वाक्य आलं होतं, माझ्या मदतीशिवाय. हे पुन्हा करून बघायला हवं.

१ नोव्हेंबर, शनिवार

गेले दोन दिवस मी काढलेली पानं एक एक करून तपासते आहे. प्रत्येक फुग्यापाशी स्वतःला विचारते, हे कुणी म्हटलं?

निकाल वाईट आहे. पाचव्या पानावरचा फुगा माझा. नवव्यावरचा अर्धा माझा. आणि चेतना मॅडमना सगळ्यात आवडलेलं, त्यांनी मलपृष्ठासाठी धरून ठेवलेलं वाक्य: "मी हरवलो नाही, मी मागं राहिलो." त्या दिवशी आबाजी म्हणाले होते, "मी हरवलो..." आणि थांबले होते. आता वाटतं, थांबले होते. मी घाबरून म्हटलं, "हरवले नाई आबाजी, मागं राहिले ना?" आणि ते म्हणाले, "मागं राहिलो ना." 'ना' मीच नंतर खोडला.

मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं.

"अंजू, हे प्रत्येक लेखक करतो. त्यांना जे म्हणायचं होतं तेच तू म्हटलंस."

"त्यांना काय म्हणायचं होतं ते मला माहीत नाही, मॅडम. कदाचित 'हरवलो' एवढंच म्हणायचं असेल."

"मग वाचकाला हे कोण सांगणार आहे?"

"मी."

त्या काही बोलल्या नाहीत. माणूस थांबलाय की रागावलाय, हे फोनवर दिसत नाही. मग म्हणाल्या, "बघ बाई. पुस्तक तुझं आहे. आणि हो, तुझ्या आईच्या वाक्यात सगळीकडे 'मी करतो, मी जातो' पडलं होतं, ते 'करते, जाते' करून घेतलंय."

"ते चुकून नाही पडलं. इकडे बाया तसंच बोलतात. माझी आई 'मी करतो'च म्हणते."

"वाचक गोंधळेल."

"आई नाही गोंधळत," असं माझ्या तोंडून निघून गेलं. उद्धट वाटलं असेल का? दिवसभर तेच डोक्यात आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आई अंगणात शेंगा निवडत होती. मी सहज माझ्या लहानपणाचा विषय काढला. लहानपणी मी फार अडखळत बोलायची. इतर पोरं चिडवतात म्हणून मला शाळेत उशिरा घातलं. तोवर आबाजींनीच घरी शिकवलं, नाटकांच्या वह्या पुढे ठेवून. मी मोठ्याने वाचायची, एखाद्या शब्दापाशी अडकायची, आणि मागून हळू आवाजात तो शब्द यायचा. माझ्या पुस्तकाचं पहिलंच पान ते आहे. अडकलेली मी, आणि माझ्या कानाशी आबाजींचे ओठ.

"किती धीर होता ना त्यांना," मी म्हटलं. "प्रत्येक शब्द सांगायचे."

आईने शेंग मोडली. "कोन? मामाजी? ते कुठं सांगत होते."

"मग?"

"ते चूप राहत. तू तोंड वासून बसली राहे, आन् हा मानूस टिकुन टिकुन पाहे. मले राग येये. मीच सांगून टाकत होतो सैपाकघरातून."

मी तिच्याकडे बघत राहिले. तो आवाज बाईचा होता की पुरुषाचा, हे मला आठवेना. हळू आवाज तेवढा आठवतो.

"मंग एक दिवस मामाजी आत आले," आई म्हणाली. "कधी येत नसत सैपाकघरात. म्हनाले, सूनबाई, नको सांगू. येते तो शब्द. त्याले येऊ दे. तवापासून मी चूप राहतो."

"आताही?"

"आता कायले बोलू? त्याईनंच शिकवलं नं मले." आणि शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवून म्हणाली, "बसलीच हायस तं निवड."

माझं पहिलं पान खोटं आहे. मुद्दाम केलेलं नाही, पण खोटं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काल दिवसभर पानं घेऊन बसले आणि एक भलतीच गोष्ट लक्षात आली. ती लिहायला मला जड जातं आहे. ही पानं मी मॅडमना दाखवली, बाबांना दाखवली, आबाजींना दाखवली. आईला दाखवली नव्हती. तिला वेळ नसतो असं मी धरून चालले होते.

आज दाखवली. हात धुऊन, पदराला पुसून ती बसली. पानं सावकाश उलटली. आबाजींची बाज ओळखली, कोंबड्या ओळखल्या. "चांगलं काढलं," म्हणाली. मग 'बाई, तुमचा गाव कोनता' या पानापाशी आली. तिथे मी आईला पाठमोरी काढलं आहे. पदर डोळ्याला लावलेला. आख्ख्या पुस्तकात ती दिसते ती तेवढ्या एका चौकटीत, बाकी नुसतं तिचं आतून आलेलं बोलणं.

"हे कोन?"

"तू."

"डोळ्याले पदर काऊन? कांदा कापत होतो का मी?"

"नाही... ते तुला ओळखत नाहीत, म्हणून तुला वाईट..."

"मी कुठं रडून राहिली होती?"

आई चित्राकडे नाही, माझ्याकडेही नाही, अंगणाकडे बघत होती. मी थांबले. या वेळी ते मुद्दाम केलं असं म्हणता येणार नाही, मला सुचतच नव्हतं.

"लग्न होऊन आली तवापासून," आई म्हणाली, "कोनी नाई इचारलं मले. गाव कोनता, तिथं काय हाय, काय नाई. मामाजी बी नाई. सूनबाई, पानी आन. सूनबाई, चाय. चांगले होते ते, पन इचारलं नाई कधी. आता रोज इचारते. मले चांगलं वाटते."

"रोज तेच तर..."

"तेच कुठं? मी रोज येगळं सांगतो. काल मोहाचं झाड सांगतलं, आमच्या घरामागचं. परवा कचारगडची जत्रा सांगतली. ते आयकून घेतेत. उद्या इसरून जातेत, मंग आनखी सांगतो." ती उठली. "तू तं दरेकसा आयकलं का उठून जातेस लिहाले."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ही दैनंदिनी मागे जाऊन वाचली. ६ ऑक्टोबरला मी लिहिलं आहे, 'त्यानंतरही त्यांचं काहीतरी चाललं होतं.' सगळं तिथेच होतं आणि मी उठून आले.

आणखी एक. आबाजींचं स्वतःचं वाक्य मी महिनाभर शोधते आहे. कुणी न देता आलेलं, कुणाकडे न बघता म्हटलेलं. ते तर रोज जेवताना म्हणतात.

२९ तारखेची नोंदही पुन्हा वाचली. 'बाई आली का?' त्यांची बाई कोण, ते आता कळतं आहे. फेसाचा प्रसंगही मी वगळायला नको होता.

१० नोव्हेंबर, सोमवार

मॅडमना कळवलं की पुस्तक ठरल्या वेळी होणार नाही, बरीचशी पानं पुन्हा काढायची आहेत. त्या नाराज झाल्या. म्हणाल्या, या वर्षीच्या यादीतून ते जाईल, पुढचं सांगता येत नाही. "निदान शेवटचं वाक्य तरी मिळालं का?" मी ते वाचून दाखवलं.

"हा तर प्रश्न आहे."

"हो."

"आणि याला उत्तर?"

"ते आई देणार आहे. पण तिला विचारायचं आहे अजून."

मॅडम म्हणाल्या, "ते पान झालं की पाठव. आईचं 'मी करतो' तसंच ठेवू."

होकाराचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. आबाजी हो म्हणाले नाहीत, आणि म्हणाले तरी ते कुणाचं, हे मला कळणार नाही. पण एक गोष्ट ते न विचारता म्हणाले होते, 'मी दिसत नसतो.' मी ते तेव्हा गमतीचं म्हणून लिहून ठेवलं. आता वाटतं, ते मला सांगत होते. म्हणून त्यांचे चेहरे काढलेली पानं बाजूला ठेवली. नव्या पानांवर आबाजी नसतील. त्यांचा हात येईल, पाय येतील, आणि फुगा कागदाच्या कडेवरून, चौकटीबाहेरून आत येईल. त्यांच्या जागेवरून. पडद्याच्या चुण्या पुसून टाकल्या. त्या माझ्या हौसेच्या होत्या.

चौकटीत कोण असेल हे मग आपोआप ठरतं. हे बरोबर आहे का? माहीत नाही. मी अजून घाबरते आहे. पण आधीइतकं चुकल्यासारखं वाटत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आईला काल विचारलं होतं, "तुला काढू का? समोरून. पुस्तकात येईल, लोक बघतील."

ती लगेच बोलली नाही. मी 'नको असेल तर राहू दे' म्हणायच्या बेतात होते, पण तोंड मिटून ठेवलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, राख झटकली. शेवटी म्हणाली, "काढ. पन केस धुवून बसतो उद्या. आन् पदर डोळ्याले नको लावू."

आज ती केस धुऊन, तेल लावून बसली. लुगडं रोजचंच, कारण नवीन नेसली तर "मंडईले चालली का" असं लोक विचारतील म्हणे. सकाळच्या उन्हात आबाजी बाजेवर, आई खाली चटईवर त्यांच्या ताटलीत पोहे घेऊन. मी दाराच्या चौकटीत कागद मांडीवर घेऊन बसले. आईचा चेहरा समोरून इतका वेळ मी कधी पाहिला नव्हता. डाव्या भुवईत एक जुना वण आहे. तो कशाचा, हे मला माहीत नाही. विचारायचं आहे.

आबाजींनी दोन घास खाल्ले. मग तिच्याकडे नीट पाहिलं.

"बाई, तुमचा गाव कोनता?"

आई थांबली. चमचा हातात तसाच. उत्तर माझ्या जिभेवर होतं, आणि मी ते तिथेच ठेवलं. ती अंगणापलीकडे, धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांकडे बघत होती. विंगेकडे नाही.

"दरेकसा," ती म्हणाली.

"दूर हाय मंग."

"दूर हाय. पन आमच्या गावाले टेसन हाय. डोंगरात, झाडाईत. मी लहान होती तं रोज पाहाले जावो."

"गाडी थांबते का तिथं?" आबाजींनी विचारलं. हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

मी पेन्सिल उचलली नाही.

"थांबते, मामाजी," आई म्हणाली. "लहान हाय टेसन, पन थांबते."